शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

वाचकहो, आजचा विषय असा आहे की त्याचे नाव काढताच घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "दिवेलागणीच्या वेळी असलं अभद्र बोलू नका रे." विषय मरणाशी लागून आहे. पण म्हणून लगेच पान उलटू नका. मरण म्हणजे काय, हे संतांनी आणि कीर्तनकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. त्यात मी भर घालणार नाही. मला बोलायचे आहे ते मरणाच्या अलीकडच्या दिवसांविषयी. औषध हरलेले असते आणि माणूस अजून जिवंत असतो, असे ते दिवस. त्या दिवसांत काय करावे आणि कसे वागावे, हे आपल्याच मुलखात काही माणसांनी करून दाखवले आहे. त्यांचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

समजा, बाभुळगावातले एक घर आहे. घरधनी पासष्टीचे. तंबाखूची सवय जुनी. गालात आतून जखम झाली, ती काही केल्या भरेना. आधी यवतमाळला दाखवले, मग सेवाग्रामला, मग नागपूरला. पैशापायी दोन एकर गहाण पडले. आणि एका संध्याकाळी गाडी परत अंगणात येऊन उभी राहते. बाबांना हात देऊन खाटेवर निजवतात. आयाबाया दारात जमतात. मुलगा ओसरीवर येऊन खालच्या आवाजात सांगतो, "डॉक्टर म्हणते, आता काही करण्यासारखं नाही. घरी न्या."

"आता काही करण्यासारखं नाही." हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकले असेल! ते ऐकले की घराचे हातपाय गळतात. कोणी देवऋषाकडे धावतो, कोणी उरलेले शेत विकायला काढतो, आणि कोणी नुसताच उंबऱ्यात बसून राहतो. खाटेवरचा माणूस मात्र तसाच पडून असतो. त्याला दुखत असते, तहान लागलेली असते, भीती वाटत असते. म्हणजे करण्यासारखे पुष्कळ असते. रोग बरा करण्याचे काम संपलेले असते एवढेच. दुसरे काम तिथून सुरू होते.

त्या दुसऱ्या कामाला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : शुश्रूषा. गुरुजींनी हा शब्द एकदा वर्गात फळ्यावर अवश्य लिहावा. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. तशीच शुश्रूषा, 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेली. तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आधी गुरूचे ऐकण्याची इच्छा, मग त्याची सेवा, आणि पुढे आजाऱ्याची सेवा, असा तो शब्द चालत आला. पाय चेपणे, जखम धुणे, पेज भरवणे ही सगळी पुढची कामे झाली. मूळ काम ऐकण्याचे. आजची सगळी गोष्ट या एका शब्दाची आहे, असे समजा.

आपल्या जुन्या वैद्यकाने या कामाला मान दिला होता. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, रोगी आणि चौथा उपस्थाता, म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचे करणारा माणूस. या उपस्थात्याच्या अंगी चार गुण हवेत. सेवेचे ज्ञान हवे, हात कुशल हवा, रोग्याविषयी माया हवी आणि स्वच्छता हवी. पण त्याच वैद्यकात असाही सल्ला आहे, की असाध्य रोग्याला वैद्याने हाती घेऊ नये, त्याने अपयश पदरी येते. म्हणजे वैद्य उठून गेला तरी मागे कोण उरतो? उपस्थाताच. मग त्याने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला बाभुळगावकरांना लांब जायला नको. वर्धा नदी ओलांडून वर्धा शहर गाठावे. शहराच्या भोवतीच सेवाग्राम, दत्तपूर आणि पवनार अशी तीन ठिकाणे आहेत, आणि तिन्ही आज आपल्या कामाची आहेत.

पहिली गोष्ट सेवाग्रामची, १९३९ सालातली. परचुरेशास्त्री नावाचे संस्कृताचे पंडित होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींना त्यांची माहिती झाली होती. त्यांना महारोग जडला होता. त्या काळी महारोग झाला की माणूस घराला आणि गावाला मुकत असे. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. ते पुढे यायचे होते. असे हे शास्त्रीबुवा आयुष्याचे उरलेले दिवस शांतपणे काढावेत म्हणून सेवाग्रामला आले. आश्रमात बायकामुले होती. गांधीजींनी आधी आश्रमातल्या मंडळींना विचारले, त्यांची तयारी पाहिली आणि मग शास्त्रीबुवांसाठी स्वतःच्या झोपडीजवळच झोपडी उभी केली. ती परचुरे कुटी आजही तिथे पाहायला मिळते.

त्यानंतर गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, त्यांना मालिश करीत. देशाचे राजकारण ज्यांच्या दारात ताटकळत उभे असे, तो माणूस एका महारोग्याच्या पायाशी बसून तेल चोळतो आहे, असे छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुढे शास्त्रीबुवा दत्तपूरला गेले. तिथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून महारोग्यांच्या सेवेचे काम चालवले होते. तिथेच १९४५ साली शास्त्रीबुवांचे देहावसान झाले.

आता पाहा, मालिशने महारोग बरा होतो काय? नाही. गांधीजींनाही ते ठाऊक होते. मग त्या मालिशचा उपयोग काय? ज्या माणसाला सारे जग हात लावीत नाही, त्याला रोज कोणी तरी हात लावतो, हाच उपयोग. 'तू अजून आमच्यातला आहेस' हे तोंडाने सांगण्याची गरज उरत नाही. शेवटच्या दुखण्यातल्या माणसालाही हेच हवे असते. लोक भेटायला येतात, पण खाटेपासून चार हात दूर बसतात आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून उठतात. शुश्रूषेचा पहिला नियम सेवाग्रामने घालून दिला : जवळ बसा, हात लावा.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे, पण तिचा धागा पुन्हा सेवाग्रामला येऊन मिळतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध झाले. बांना आधीच दमा-खोकल्याचा जुना त्रास. त्यात १९४३ च्या अखेरीस हृदयाचे दुखणे बळावले. जवळ डॉक्टर होते. डॉक्टर गिल्डर हे मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ आणि डॉक्टर सुशीला नय्यर, दोघेही तिथेच बंदिवासात होते. पण बांची इच्छा होती की आपल्याला वैद्यांचे औषध मिळावे. सरकारने हे लवकर मनावर घेतले नाही. पुष्कळ लिहालिही झाल्यावर वैद्य शिवशर्मा यांना परवानगी मिळाली. तरी रात्री आत राहण्याची मुभा नव्हती, म्हणून वैद्यबुवा फाटकाबाहेर मोटारीत झोपून काढीत. डॉक्टर गिल्डर आणि सुशीलाबेन दोघेही पाश्चात्य वैद्यक शिकलेले. पण बांच्या इच्छेसाठी ते बाजूला झाले. वैद्यांचा इलाज चालेना तेव्हा पुन्हा त्यांनी सूत्रे हाती घेतली. यात कुणाचा मान गेला नाही की अपमान झाला नाही. आजाऱ्याचे ऐकले गेले.

शेवटी फुप्फुसाला सूज आली. धाकटे चिरंजीव देवदास यांनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवले. तेव्हा ते नवे आणि दुर्मीळ औषध होते. पण त्याच्या सुया दर काही तासांनी टोचाव्या लागणार, असे गांधीजींना कळले. आईचे शरीर आता संपत आले आहे, तिला या यातना कशाला, असे त्यांनी मुलाला समजावले. सुई दिली गेली नाही. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीचा दिवस. संध्याकाळी बांनी गांधीजींना जवळ बोलावले आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. वय चौऱ्याहत्तर होते.

या निर्णयावर पुढे पुष्कळ वाद झाला, अजूनही होतो. औषध दिले असते तर बा वाचल्या असत्या, असे म्हणणारे आहेत. इतके खचलेले शरीर औषधाने सावरले नसते, असे म्हणणारेही आहेत. हा वाद आज इथे निकालात निघणार नाही, आणि निघायचीही गरज नाही. आपल्या घरीही हाच प्रसंग येतो. आणखी एक सलाईन लावायची की नाही? आणखी एकदा नागपूरला न्यायचे की नाही? मुलगा म्हणतो न्यावे, जावई म्हणतो कशाला त्रास. दोघांच्याही पोटात मायाच असते. पण या वादात एक प्रश्न विचारायचा राहून जातो : ज्याचे शरीर आहे, त्याला कोणी विचारले काय? आगाखान महालातल्या बापलेकांच्या त्या संवादाविषयी वाचतानाही मनात हाच प्रश्न येतो. वैद्य कोणता हवा, हे बांनी सांगितले आणि ते ऐकले गेले. सुईविषयी बोलणे झाले ते पती आणि पुत्र यांच्यात.

डॉक्टर सुशीला नय्यर या सगळ्याच्या साक्षीदार. सुटून आल्यावर त्यांनी सेवाग्रामला दवाखाना सुरू केला, तो कस्तुरबांच्या नावाने. तोच वाढत वाढत कस्तुरबा रुग्णालय झाला, आणि १९६९ साली त्याच्याबरोबर वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. बाभुळगावची माणसे आज दुखणे घेऊन ज्या सेवाग्रामच्या दवाखान्यात जातात, त्याच्या पाटीवर बांचे नाव आहे. त्या नावामागे एक मृत्युशय्या आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

तिसरे ठिकाण पवनार, धाम नदीच्या काठचे. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबा आजारी पडले. वय सत्त्याऐंशी. हृदयाचा झटका येऊन गेला होता. थोडे बरे वाटते न वाटते तोच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणे थांबवले. डॉक्टरांनी विनवले. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला येऊन गेल्या. विनोबांचा निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, ते गेले.

आपण सर्वांनी असेच करावे असे मी सुचवीत नाही. विनोबांची जन्मभराची साधना निराळी. मला त्या खोलीतल्या दुसऱ्या माणसांकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. ज्यांना त्यांनी जगावे असे मनापासून वाटत होते, त्यांनी बळजबरीने नळी घातली नाही, आणि 'ऐकत नाही तर मग तुमचे तुम्ही पाहा' म्हणून उठूनही गेली नाहीत. आजाऱ्याने औषधाला नाही म्हटले, म्हणजे त्याने आपल्याला नाही म्हटले असे होत नाही. औषध थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही, हा पवनारचा धडा.

आता थोडे दूर, लंडनला जाऊ. कारण आपल्या घरातल्या बाबांची सगळ्यांत मोठी तक्रार अजून आपण ऐकलेलीच नाही. ती म्हणजे दुखण्याची. सिसिली सॉण्डर्स नावाच्या बाई आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले, तेव्हा रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहण्याचे काम त्यांनी घेतले. तिथे त्यांना पोलंडमधून आलेला एक निर्वासित भेटला. कर्करोगाने मरायला टेकलेला, परक्या देशात नात्याचे कोणी नाही. दोघांचे पुष्कळ बोलणे होई. १९४८ साली तो गेला आणि जाताना आपली पाचशे पौंडांची पुंजी बाईंना देऊन गेला. मरणाऱ्या माणसांसाठी तुम्ही घर बांधाल त्यातली एक खिडकी माझी असू दे, अशा अर्थाचे काही बोलून. घर तर दूरच, जागाही नव्हती. बाई पुन्हा शिकल्या, डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली ते घर लंडनमध्ये उभे राहिले. आधी खिडकी आली आणि मग एकोणीस वर्षांनी घर!

या बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, दुखण्याचे औषध घड्याळाप्रमाणे द्यावे. रोगी कळवळून मागेपर्यंत थांबू नये. पहिल्या मात्रेचा गुण ओसरण्याआधी दुसरी गेली पाहिजे. दुसरी, वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची असते, घराची असते, श्रद्धेचीही असते. गहाण पडलेल्या दोन एकरांची काळजी बाबांच्या गालातल्या जखमेतही ठणकत असते. गोळीने जखम शांत होईल. त्या काळजीसाठी मुलाने जवळ बसून "बाबा, त्याचं मी पाहतो" म्हणायला हवे.

ते लोण आपल्याकडे आले मुंबईत. टाटा स्मारक रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉक्टर लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी भारतात निघालेले हे पहिले घर. पुढे १९९७ साली पुण्याजवळ वारज्यालाही असे केंद्र निघाले. तिथे रोग्याबरोबर घरचे माणूसही राहते आणि जखम कशी धुवावी, कुशीवर कसे वळवावे, हे शिकून घरी जाते. खेड्यातल्या घराला ही गोष्ट फार मोलाची.

पण एक अडचण होती. कर्करोगाच्या मोठ्या वेदनेवर मॉर्फिनसारखे औषध नाही. ते निघते अफूपासून, आणि अफू तर आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरी १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर नियम इतके कडक झाले, की दवाखान्यांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. नशाबाजांना आवर घालायला केलेला कायदा खाटेवरच्या आजाऱ्याला भोवला. पिकवणारा देश आपला आणि कळवळणारी माणसेही आपलीच! पुष्कळ डॉक्टरांनी वर्षानुवर्षे झटल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याची वाट सोपी झाली. आजही हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मान्यता असलेल्या रुग्णालयातून मिळते. म्हणून मोठ्या दवाखान्यातून निघतानाच विचारावे : "दुखण्यावर काय द्यायचे? ते कुठे मिळेल? सवय लागेल काय?" वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलेले हे औषध आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र त्याने मलावरोध होतो. त्यावरचे औषधही सोबतच मागून घ्यावे.

आता सांगतो ती गोष्ट सगळ्यांत कठीण आहे. जो बोलूच शकत नाही, त्याचे ऐकायचे कसे?

मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग नावाची तरुण परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच एका नोकराने तिच्यावर अत्याचार केला आणि साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती जगली, पण तिचे बोलणे गेले, चालणे गेले, जग ओळखणे गेले. त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत ती जवळजवळ बेचाळीस वर्षे राहिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली.

या बेचाळीस वर्षांत तिचे कोणी केले? तिच्या सहकारी परिचारिकांनी. ज्यांनी तिला कामावर पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. मग ज्यांनी तिला कधी उभी पाहिली नव्हती, अशा मुलींनी तिला सांभाळले. कित्येक तर तिच्या अपघातानंतर जन्मलेल्या. तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे, कूस बदलायची, पाळीपाळीने. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची समिती पाठवली, तेव्हा सदतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर अंथरुणाची एकही जखम नव्हती. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन महिने सांभाळले आहे, त्यांना विचारा या एका गोष्टीची किंमत! आणि तिच्या आवाजांवरून, चेहऱ्यावरून तिला काय हवे, काय नको हे परिचारिका ओळखत. शब्द नव्हते, तरी ऐकणे चालू होते.

न्यायालयापुढे प्रश्न होता, तिचे अन्न थांबवून तिला जाऊ द्यावे काय? एका लेखिकेने तशी विनंती केली होती, तीही कळवळ्यानेच. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती मान्य केली नाही. तिच्यासाठी बोलण्याचा हक्क कुणाचा, याचे उत्तर न्यायालयाने दिले : ज्यांनी तिला सांभाळले त्यांचा. मात्र पुढे अशी वेळ आलीच, तर कृत्रिम उपचार थांबवायला उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट ठेवली.

मग ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला आधीच लिहून ठेवता येते : बरे होण्याची आशा नसेल, आणि मला बोलता येत नसेल, तर मला यंत्रांवर ठेवू नका, माझ्या वतीने अमक्याने बोलावे. २०२३ च्या जानेवारीत याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे ती पक्की करायची. त्यावर लगेच कोणी यंत्र बंद करीत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे आधी विचार करतात. सुई देऊन जीव घेण्याला मात्र आपल्या कायद्यात आजही परवानगी नाही.

म्हणजे बघा कसे झाले. बांच्या वेळी घरच्यांनी ठरवले. विनोबांनी स्वतः सांगितले. अरुणाला सांगता येत नव्हते आणि तिने आधी सांगूनही ठेवले नव्हते. म्हणून कायदा आता आपल्याला म्हणतो, बोलता येते आहे तोवर बोलून ठेवा. आपण शेताचे मृत्युपत्र करतो, पण देहाविषयी चकार शब्द काढत नाही.

आता पुन्हा बाभुळगावच्या त्या अंगणात चला. गाडी गेली आहे. बाबा खाटेवर आहेत. काय करायचे?

पहिले म्हणजे विचारायचे. "बाबा, डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्हाला ऐकायचं आहे का?" काहींना सगळे जाणून घ्यायचे असते, काहींना अर्धे, काहींना काहीच नाही. ज्याला जेवढे हवे तेवढे सांगावे. पण खोटे सांगू नये. बाबांना बहुधा कळलेलेच असते. घरची माणसे त्यांच्यासमोर हसतात, तेही घरच्यांसाठी हसतात, आणि दोन्हीकडची माणसे रात्री वेगवेगळी रडतात. त्यापेक्षा एकदा एकत्र रडलेले बरे.

दुसरे, अंग. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहाव्यात; लाली दिसली की त्या बाजूचा भार काढावा. चादरीला सुरकुती नको, ओल नको. तोंड स्वच्छ ठेवावे, ओठांना तुपाचे बोट लावावे. गालातल्या जखमेला वास येतो. म्हणून सून नाकाला पदर लावते आणि बाबा तोंड फिरवतात. त्या वासावरही डॉक्टर औषध देतात. न लाजता मागावे.

तिसरे, अन्न. शेवटी शेवटी भूक आपणहून मंदावते. दोन घास कमी गेले म्हणून माणूस जात नाही. तो जायला निघालेला असतो म्हणून घास कमी जातात. बळेच कोंबू नये. आपल्याकडे शेवटी गंगाजल आणि तुळशीपत्र देतात. अवश्य द्यावे. पण शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पळीने पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. बोट भिजवून ओठ ओले करावेत, तुळशीचे पान ओठांवर ठेवावे. तेवढ्याने विधी पुरा होतो आणि माणूस गुदमरत नाही.

चौथे, करणाऱ्याकडेही पाहावे. हे सगळे काम कोणाच्या अंगावर पडते? सुनेच्या. कापूस वेचणीचे दिवस असले तर ती दिवसा शेतात आणि रात्री खाटेशी. परळला बेचाळीस वर्षे निभावली ती एका बाईच्या जिवावर नव्हे, पाळ्यांवर. गल्लीतल्या चार घरांनी पाळी लावली, एकाने दुपारी दोन तास बसायचे, एकाने रात्रीची जाग घ्यायची, तर त्या सुनेला पाठ टेकता येईल. पेरणीला आपण एकमेकांचे बैल मागून आणतो. मग हे का मागू नये? आशाताईंना, जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. या सेवेला आता सरकारी आरोग्य योजनेत जागा दिलेली आहे. आपण मागितली तर ती आपल्या दारापर्यंत येईल.

आणि शेवटचे. बाबा बोलेनासे झाले, डोळे मिटले, तरी बोलणे थांबवू नका. कान पुष्कळदा शेवटपर्यंत जागे असतात, असा अनुभवी परिचारिकांचा विश्वास आहे. म्हणून खाटेशी शेताच्या वाटणीचे भांडण नको, रडारडही बेताने. जवळ बसून सांगा, पऱ्हाटीला बोंडे चांगली लागली आहेत, नातू शाळेतून आला आहे, आम्ही सगळे इथेच आहोत.

इतके दिवस आपण त्यांचे ऐकले. आता त्यांना आपले ऐकू द्या.